बी ठेवता येतं, बेणं जगवावं लागतं



'वनस्पतींमधील अलैंगिक प्रजनन' हा घटक आपल्यापैकी बरेच जण तक्ता काढून शिकवतात. डावीकडे अवयव, उजवीकडे उदाहरण. मूळ – रताळे. खोड – बटाटा, आले, हळद, ऊस. पान – पानफुटी. मुलं पाठ करतात, जोड्या लावतात, गुण मिळवतात. 'शाकीय प्रजनन' हे भारदस्त नाव पुढे दहावीच्या विज्ञानात भेटतं, तेव्हाही पुष्कळांना हा तक्ताच आठवतो.

तक्ता असू द्या. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांच्या घरचं अर्धं गणित याच घटकावर चालतं. ऊस असाच लावतात. तुळजापूरकडच्या द्राक्षबागा अशाच उभ्या राहतात. डाळिंब, केळी, आलं, हळद, दारातला गुलाब आणि मोगरा, सगळे याच रांगेतले. म्हणून तक्त्याच्या खाली मी एक प्रश्न लिहिते: शेतकरी ज्वारीचं बी पेरतो आणि उसाचं बेणं लावतो, असं का? त्याचा फायदा काय आणि त्याची किंमत काय? या एका प्रश्नावर माझा सातवीचा वर्ग तीन तास चालतो. ते तीन तास कसे जातात, ते आज लिहिते.

आधी डोळा ओळखा

सुरुवात स्वयंपाकघरातून करायची. मुलांना घरून एक बटाटा, एक रताळं, आल्याचा तुकडा, लसणाची कुडी आणि शेजारच्या रानातून उसाचं एक कांडं आणायला सांगते. खर्च शून्य.

बटाट्यावरचे खड्डे दाखवायचे. त्यांना आपण सगळेच 'डोळे' म्हणतो. विज्ञानाच्या पुस्तकात त्यालाच मुकुल म्हटलंय. डोळा म्हणजे झोपलेली फांदी. अशी डोळ्यांची ठरलेली मांडणी खोडावर असते, म्हणून जमिनीखाली वाढूनही बटाटा हे खोड आहे. आल्यावर आणि हळदीच्या गड्ड्यावर आडव्या रेघा असतात, ती पेरं. तिथेही डोळे सापडतात, म्हणून तीही खोडंच. रताळ्यावर मात्र असे डोळे शोधून सापडत नाहीत. ते फुगलेलं मूळ आहे. ओलाव्यात ठेवलं तर त्यालाही कोंब फुटतात, पण शेतकरी लावण करताना बहुतेक वेळा रताळ्याच्या वेलाचे तुकडेच लावतो. एवढं हातात घेऊन पाहिलं की 'बटाटा मूळ की खोड?' हा परीक्षेतला प्रश्न पुन्हा पाठ करावा लागत नाही.

मग बटाट्याचे दोन तुकडे करायचे, एक डोळ्याचा आणि एक बिनडोळ्याचा. दोन्ही ओल्या मातीत ठेवायचे. एकाला कोंब येतो, दुसरा सडतो. पानफुटीचं पान नुसतं ओल्या मातीवर ठेवलं तरी त्याच्या कडेच्या खाचांतून बारीक रोपं निघतात. मुलं रोज सकाळी परिपाठाआधी तिथे जाऊन बसतात.

रानातली उदाहरणं मुलंच देतात, आणि ती बहुतेक तक्रारीची असतात. हरळी, कुंदा, लव्हाळा. आजोबा कुळवून कुळवून थकले तरी हरळी का जात नाही? कारण तिच्या प्रत्येक पेरातून मुळं फुटतात. कुळवाने तिचे तुकडे होतात आणि तुकडा ओल्या रानात राहिला की तो नवीन हरळी होतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. वर उपटला तरी खाली गाठ शिल्लक. गणपतीला वाहायची दूर्वा आणि बापाला छळणारी हरळी एकच, हे कळल्यावर वर्गात हशा होतो. पण त्यातूनच मुलांच्या लक्षात येतं की अशा पद्धतीने वाढणं हा माणसाचा शोध नाही. ही विद्या वनस्पतीची आहे. शेतकऱ्याने ती आपल्या कामाला लावली.

उसाचं बी आणि उसाचं बेणं

दुसरा तास उसाचा. इथे वर्गातली उतरंड बदलते. आमच्याकडे वाशी, भूम, कळंब या भागांतली बरीच कुटुंबं कोयता घेऊन दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतात आणि काही आईबापांबरोबर फडावर जातात. परत आलेलं मूल वर्गात गप्प असतं. चार-पाच महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो आणि ते त्याला ठाऊक असतं.

एका वर्षी मी वर्गाला विचारलं, "उसाचं बी कसं असतं?" कुणी बोलेना. फडावरून नुकतीच आलेली एक मुलगी मागच्या रांगेतून म्हणाली, "मॅडम, उसाला बी नसतंय, बेणं असतंय. बी गाडग्यात ठेवता येतंय. बेणं रानात उभंच असावं लागतंय."

मी तिला पुढे बोलावलं. पुढची वीस मिनिटं तीच बोलली. बेण्याचा ऊस कोवळा बघून ठेवतात. वाढे वेगळे काढतात. टिपरी तोडताना कोयता डोळ्याला लागू द्यायचा नाही. टिपरी सरीत ठेवताना डोळे बाजूला आले पाहिजेत, खाली गेले तर उगवायला उशीर. यातलं एकही वाक्य पुस्तकात नव्हतं आणि एकही चुकीचं नव्हतं. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीही जवळपास हेच सांगतात: बेणं ९ ते ११ महिन्यांचं, निरोगी, लागणीच्या उसातलं घ्यावं, खोडव्यातलं घेऊ नये.

तिच्या बोलण्यातली एकच गोष्ट पुढे न्यायची होती. उसाला बी असतं. तुरा येतो तेच त्याचं फूल, आणि त्यात अगदी बारीक, कापसासारख्या तंतूंचं बी धरू शकतं. मग शेतकरी ते का पेरत नाही? इथे या पाठाचा गाभा येतो. बी म्हणजे दोघांचं मिश्रण, परागकण देणारा एक आणि बीजांड देणारी एक. उसाच्या तुऱ्यातल्या शंभर बियांपासून शंभर तऱ्हेचे ऊस निघतील. एक जाड, एक बारीक, एक गोड, एक पाणचट. शेतकऱ्याला अख्खं रान एकसारखं हवं असतं. टिपरीत दुसऱ्या कुणाची मिसळ नसते. आई जशी, तशी लेक.

आंब्याचं उदाहरण पालकांनाही पटतं. केशर आंब्याची कोय लावली तर येणारं झाड केशरचंच असेल याचा भरवसा नाही. गावातले रायवळ आंबे असेच कोयीतून आलेले, म्हणून तर खोबऱ्या, शेप्या अशी प्रत्येक झाडाची नावं वेगळी. केशर हवा असेल तर केशरच्या झाडाची काडी घेऊन कलमच बांधावं लागतं.

मग प्रयोग. उसाचे तीन तुकडे: एक डोळ्याचं टिपरं, एक बिनडोळ्याचं कांडं आणि एक शेंड्यासकट लांब ऊस. तिन्ही शाळेच्या कोपऱ्यात ओल्या मातीत आडवे झाकायचे. तीन-चार आठवडे थांबायचं, थंडीत जास्त. कांडं उगवत नाही, कारण त्याला डोळा नाही. टिपरं उगवतं. शेंड्यासकट लांब ऊस लावला तर शेंड्याकडचे डोळे पुढे जातात आणि बुडख्याकडचे बरेचसे झोपूनच राहतात. कारण वाढणारा शेंडा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो आणि ते खालच्या डोळ्यांना दाबून धरतं. टिपरी करणं म्हणजे प्रत्येक डोळ्याला शेंड्याच्या हुकमातून सोडवणं. उभ्या उसाचा शेंडा किडीने खाल्ला की बाजूने पांगशा फुटतात, ते याच कारणाने. आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा फुटतो, तोही जमिनीतल्या डोळ्यांचाच. लागण न करता मिळणारं दुसरं पीक म्हणजे शाकीय प्रजननच, हे ऐकून आमच्या शाळा व्यवस्थापन समितीतले एक पालक म्हणाले, "मग आम्ही एवढी वर्षं विज्ञानच करत होतो की!"

सारखेपणाचा फायदा

को ८६०३२ हे नाव ऊसवाल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या नावाचा अर्थ मी फळ्यावर फोडून सांगते. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथे १९१२ पासून ऊस पैदास केंद्र आहे, आणि तिथे तुऱ्यातल्या बियांपासून वेगवेगळी रोपं वाढवून निवड करतात. पुढचे दोन अंक वर्ष सांगतात आणि उरलेले अनुक्रमांक. सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रामार्फत १९९६ साली हा वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला.

म्हणजे सुरुवातीला एका बियातून आलेलं एकच रोप होतं. त्याच्या टिपऱ्या, त्या टिपऱ्यांच्या उसाच्या टिपऱ्या, असं करत करत ते राज्यभर पसरलं. ढोकीच्या रानातला को ८६०३२ आणि कोल्हापुरातला को ८६०३२ हे भाऊ-भाऊ नाहीत, ते एकाच झाडाचे तुकडे आहेत. मुलं इथे क्षणभर गप्प होतात. शास्त्रज्ञाला फरक हवा असतो म्हणून तो बी वापरतो, शेतकऱ्याला सारखेपणा हवा असतो म्हणून तो बेणं वापरतो. दोन्ही मार्ग एकाच पिकात, एकाच नावात दिसतात.

द्राक्षाचा प्रश्न तर मुलांनीच काढला: "बिनबियांच्या द्राक्षाचं झाड येतं कुठून?" येतं काडीतून. थॉमसन सीडलेसला पेरण्याजोगं बीच नाही, त्यामुळे माणसाने काडी लावली तरच तो वेल पुढे चालतो. आपल्याकडे बागायतदार आधी डॉगरिज नावाच्या अमेरिकन वेलाचा खुंट लावतात, कारण क्षार आणि पाण्याचा ताण तो जास्त सोसतो. मग त्यावर हव्या त्या वाणाचं कलम भरतात. मुळं एकाची, घड दुसऱ्याचे. दोन्ही आपापले गुण सोडत नाहीत.

सारखेपणाची किंमत

तिसरा तास मी मुद्दाम वेगळा ठेवते. फायद्यांची यादी पुस्तकात मिळते, किंमत आपल्याला सांगावी लागते.

पहिली किंमत रोगाची. आईत जे असेल ते लेकीत येतं, रोगासकट. उसात काणी पडली की शेंड्यातून काळा चाबूक निघतो. गवताळ वाढ झाली की उसाच्या जागी बारीक, पांढुरकं गवत दिसतं. या दोन्ही रोगांचं बेणं लावलं तर आपण आपल्याच हाताने रोग लावला. डाळिंबावरचा तेल्याही रोगट रोपांतून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. बी पेरताना पुष्कळ रोग मागे राहतात. बेण्यात अख्खं अंगच पुढे जात असल्यामुळे तशी गाळणी नसते. म्हणूनच बेणेमळा वेगळा ठेवणं, मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी बेणं वाढवणं, बेण्यावर उष्ण हवेची प्रक्रिया करणं आणि तीन-चार वर्षांनी बेणं बदलणं, ही सगळी खटपट आहे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊतीसंवर्धनाने उसाची रोपं तयार होतात. वाढत्या शेंड्याचा अगदी बारीक भाग घेऊन निरोगी रोप उभं करायचं, हे त्यामागचं तत्त्व. जळगावच्या केळीतली ग्रँड नैनची रोपंही अशीच होतात.

दुसरा धोका सगळ्यांनी एकदम पडण्याचा. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा आला. तिथले गरीब शेतकरी मुख्यतः 'लम्पर' या एकाच वाणावर जगत होते, आणि बटाटा बेण्यातून येत असल्याने सगळी रानं जवळपास एकाच झाडाची नक्कल होती. एक बळी पडला तसे सगळे पडले. पुढच्या काही वर्षांत भुकेने आणि रोगाने सुमारे १० लाख माणसं गेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्याला परकी राजवट आणि खंडकऱ्यांची गरिबीही कारण होती, तेही मी सांगते. पण रानात एकच वाण असणं काय असतं, ते मुलांना कळतं.

तिसरी किंमत मात्र आपल्या जिल्ह्याची आहे आणि ती त्या मुलीने आधीच सांगितली होती. बी ठेवता येतं. ज्वारी राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात, कणगीत, बळदात राहते. पाऊस एक वर्ष नाही आला तर बी झोपून राहतं आणि पुढच्या मृगाची वाट बघतं. बेण्याला असं थांबता येत नाही. टिपरं तोडलं की काही दिवसांत लावावं लागतं, नाहीतर डोळे वाळतात. उभं ठेवायचं तर पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. आज वर्गात असलेली मुलं तेव्हा फार लहान होती, पण घरात ती गोष्ट अजून निघते. त्या साली ज्याचा ऊस वाळला, त्याचं पुढच्या लागणीचं बेणंही वाळलं. ज्याच्या कणगीत ज्वारी होती, त्याचं बी शाबूत होतं. मोसंबी किंवा द्राक्षाची बाग टँकरने जगवणारा माणूस केवळ त्या सालचं फळ जगवत नसतो. ते झाड गेलं तर पुन्हा खुंट, पुन्हा कलम आणि पुन्हा काही वर्षांची वाट.

आपल्या कमी पावसाच्या मुलखात कोणतं पीक बियावर उभं आहे आणि कोणतं बेण्यावर, हा प्रश्न म्हणूनच केवळ विज्ञानाचा राहत नाही. मी मुलांना उत्तर देत नाही. ऊस लावावा की लावू नये हे ठरवणं माझं काम नाही, आणि ज्यांच्या घरी ऊस आहे ती मुलं समोर बसलेली असतात. पण घरी हा निर्णय होतो तेव्हा पाण्याइतकंच बेण्याचंही गणित असतं, हे त्यांना कळायला हवं.

नक्कल करतानाही नजर हवी

तास संपवताना एक चांगली गोष्ट सांगते. बेण्यातून नेहमी हुबेहूब नक्कलच येते, असं आपण शिकवतो. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण कधीतरी एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो आणि त्या फांदीला वेगळं फळ लागतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं नाव आपल्याला माळढोकामुळे माहीत आहे. तिथले बागायतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेत असाच वेगळा, लांब मण्यांचा प्रकार हेरला, त्याच्या काड्या वाढवल्या, आणि त्यातून 'सोनाका' हा वाण आला. सांगलीकडचा तास-ए-गणेशही थॉमसनमधूनच निवडलेला. हजारो सारख्या घडांत एक वेगळा घड दिसणं आणि तो तोडून बाजारात न धाडता त्याची काडी राखणं, एवढंच काम. त्याला प्रयोगशाळा लागली नाही, रोजची नजर लागली.

शिक्षक मित्रांनो, हा घटक घेताना तक्ता शेवटी द्या. आधी मुलांना घरी विचारायला पाठवा: आपल्याकडे बियांवर येणारी पिकं कोणती, बेण्यावर येणारी कोणती? बेणं कुठून आणलं, किती वर्षांपूर्वी? घरचं बी कशात ठेवतात? दुष्काळात काय वाचलं, काय गेलं? आजीला विचारलेल्या उत्तरांतून जी वही तयार होते, ती कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेपेक्षा भरलेली असते. आणि फडावरून परतलेलं मूल तुमच्या वर्गात असेल तर उसाचा तास त्याच्या परतीनंतरच ठेवा.

पालकहो, तुम्ही बेणं तोडत असाल, काडी छाटत असाल, कलम बांधत असाल तेव्हा मुलाला अर्धा तास जवळ बसवा. अभ्यास बुडतोय असं समजू नका. 'हा डोळा का ठेवला आणि हा का काढला' एवढं एक वाक्य सांगा. बाकीचं आम्ही शाळेत बघतो.

यंदा आमच्या शाळेच्या कोपऱ्यात दोन सऱ्या आहेत. एका सरीत मुलांनी घरून आणलेली ज्वारी आहे, दुसरीत उसाची टिपरी. ज्वारीचं मूठभर बी बरणीत भरून, तारीख टाकून कपाटात ठेवलंय. उसाला दर आठवड्याला पाणी कोण घालणार, याची पाळी मुलांनी स्वतः लावली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कुणी सांभाळायची, यावर अजून वाद चालू आहे.